क्रूसाचे राज्य की दप्तराचे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळात ‘धर्म आणि राजसत्ता’ या विषयावर एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले. व्याख्यान रंगले, टाळ्या पडल्या, आभारप्रदर्शनही यथासांग पार पडले. त्या ओघात वक्त्यांनी युरोपच्या मध्ययुगाची वासलात दोन वाक्यांत लावून टाकली. रोमन साम्राज्य कोसळल्यावर अडाणी फ्रँक राजांना धूर्त बिशपांनी नरकाचे भय दाखवले आणि राज्य गिळले. पुढे हजार वर्षांनी माणसाला बुद्धी सुचली, तेव्हा कुठे ते राज्य धर्मगुरूंच्या घशातून बाहेर निघाले, असा त्या दोन वाक्यांचा मथितार्थ. नंतर चहा घेताना मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद मला बाजूला घेऊन म्हणाले, “वक्त्यांनी अन्याय केला हो! त्या अंधारात दिवा तेवत ठेवला तो बिशपांनीच.” मला दोघांचेही म्हणणे पटले नाही. घरी परतताना मनात आले, की ही दोन मते वरवर एकमेकांच्या उरावर बसलेली दिसत असली, तरी ती एकाच आईची लेकरे आहेत. राजा हा एक पक्ष, बिशप हा दुसरा पक्ष, आणि इतिहास म्हणजे त्या दोघांची कुस्ती, हे दोघेही गृहीत धरून चालतात. भांडण उरते ते एवढेच, की टाळ्या कोणासाठी वाजवायच्या!

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. विद्यापीठाची पदवी घेतली आणि केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून झालो. परंतु या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला एक हक्क पोहोचतो, असे मी मानतो. ज्या इंग्रजी शब्दाने सरकार माझ्यासारख्याला ओळखते तो ‘क्लार्क’ हा शब्द लॅटिनमधील ‘क्लेरिकस’ या शब्दापासून आला. क्लेरिकस म्हणजे चर्चच्या सेवेतला मनुष्य. लिहिता-वाचता येणारा तो चर्चचा, हे समीकरण पश्चिम युरोपात काही शतके इतके पक्के झाले, की पुढे चर्च गळाले, लेखणी तेवढी राहिली, आणि तो शब्द आमच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे ज्यांच्याविषयी हा वाद आहे त्या बिशपांच्या ओसरीवरच आम्हा कारकुनांचे मूळ पुरुष बसलेले होते. त्यांच्या पुण्यात आमचा वाटा नसेल. पापात मात्र असू शकतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. फ्रँक समाजातील बिशपांची सत्ता मुख्यतः क्रूसाची नव्हती, दप्तराची होती. ती त्यांनी राजाच्या हातून हिसकावली नाही. राजा आणि बिशप यांनी ती कधी भांडत, कधी गळ्यात गळा घालून, पण मिळूनच वापरली. आणि तिचा खरा दोष ती धर्मगुरूंच्या हाती गेली हा नव्हे. ज्यांच्या नावाने ते दप्तर चालत होते, त्यांना त्या दप्तराचा जाब विचारण्याची सोय कधीच निर्माण झाली नाही, हा तिचा दोष होय.

प्रथम हे बिशप कोण होते ते पाहू. सिडोनियस अपोलिनारिस हा सम्राट अव्हिटसचा जावई. ४६८ मध्ये तो रोम नगराचा प्रीफेक्ट होता आणि सुमारे ४७० मध्ये तो गॉलमधील क्लेर्माँ या नगराचा बिशप झाला. व्हिसिगॉथांच्या हल्ल्यांपुढे नगराला धीर देण्याची धुरा त्याने वाहिली आणि ४७५ मध्ये साम्राज्यानेच ते नगर शत्रूला देऊन टाकले. राज्याच्या साऱ्या खुर्च्या मोडत चालल्या असता जी एक शाबूत होती तीवर हा मनुष्य जाऊन बसला. त्याच्यानंतर शंभर वर्षांनी टूर्स येथे ५७३ ते ५९४ या काळात बिशप असलेला ग्रेगरी पाहा. मेरोव्हिंजियन राजांच्या काळाचे आपले बहुतेक ज्ञान याच्याच इतिहासग्रंथावर उभे आहे. हा ग्रेगरी मोठ्या अभिमानाने सांगतो, की टूर्सच्या गादीवर आजवर जेवढे बिशप झाले त्यांतील पाच सोडले तर बाकी सारे आपल्या घराण्याशी नात्याने जोडलेले होते. हा धर्मगुरूंचा वर्ग नव्हता, जुन्या सेनेटर घराण्यांचा गोतावळा होता. साम्राज्य गेले, पण त्या घराण्यांची लेखणी, जमीनजुमला आणि कारभाराची सवय गेली नव्हती.

आणि या लेखणीची गरज राजाला होती. क्लोव्हिस हा फ्रँकांचा तरुण राजा गादीवर आला तेव्हा रीम्सचा बिशप रेमिगियस याने त्याला पत्र लिहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे पत्र राजाच्या बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. त्यात नरकाचे भय नाही. प्रांताचा कारभार तुझ्याकडे आला आहे, अनाथांना पोस, पीडितांना हात दे, न्याय विकत देऊ नकोस आणि बिशपांच्या सल्ल्याने चाल, असा त्याचा आशय आहे. भोळ्या राजाला भुलवणाऱ्या मांत्रिकाचे हे पत्र नव्हे. नव्या साहेबाला कार्यालयाची रीत समजावून देणाऱ्या जुन्या शिरस्तेदाराचे ते पत्र आहे.

आता कामाकडे वळू. कारण ज्येष्ठ सभासद म्हणाले ते सर्वस्वी खोटे नाही. ५११ मध्ये क्लोव्हिसने ऑर्लेआँ येथे बत्तीस बिशपांची परिषद बोलावली. राजाने दिलेल्या दानाचा विनियोग चर्चच्या डागडुजीसाठी, गरिबांसाठी आणि युद्धकैद्यांच्या सोडवणुकीसाठी व्हावा, असे तीत ठरले. चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या गुन्हेगाराला इजा होणार नाही अशी शपथ घेतल्याखेरीज कोणाच्या हवाली करू नये, असेही ठरले. ५४९ च्या ऑर्लेआँ परिषदेने सांगितले, की दर रविवारी चर्चच्या अधिकाऱ्याने तुरुंगात जाऊन कैद्यांची विचारपूस करावी. ५८५ मध्ये माकोँ येथील परिषदेने तर असा नियम केला, की बिशपाच्या घरी कुत्री पाळू नयेत; कारण दाराशी आलेल्या गरजू माणसाला ती चावतील. हा नियम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कोणत्या सरकारने आपल्या अधिकाऱ्याच्या दारातील कुत्र्याचा इतका विचार केला असेल?

त्या काळी मोठ्या चर्चच्या दाराशी पोसल्या जाणाऱ्या गरिबांची एक यादी असे. तिला ‘मात्रिकुला’ म्हणत. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत किमान पात्रता म्हणून आजही जो ‘मॅट्रिक्युलेशन’ शब्द छापतात तो याच घराण्यातला; त्याचा मूळ अर्थ यादीत नाव चढणे. फ्रँकांच्या गॉलमध्ये ज्याचे नाव या यादीत चढले त्याला अन्न मिळे, वस्त्र मिळे. नोंदवही ही केवढी दयाळू वस्तू असू शकते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मात्रिकुला पाहावी.

परंतु त्याच माकोँ परिषदेचा आणखी एक नियम वक्तेही विसरले आणि ज्येष्ठ सभासदही. घोड्यावरून जाणाऱ्या गृहस्थाला वाटेत धर्मसेवक भेटला आणि तोही घोड्यावर असला, तर गृहस्थाने डोके उघडे करून नमस्कार करावा. धर्मसेवक पायी चालत असला, तर गृहस्थाने घोड्यावरून खाली उतरावे. कुत्र्याचा नियम आणि घोड्याचा नियम एकाच सभेत, एकाच शाईने लिहिले गेले. गरिबाला कुत्रे चावू नये ही काळजी खरी होती, आणि भेटणाऱ्याने घोड्यावरून उतरावे ही अपेक्षाही तितकीच खरी होती. ही दया वरून खाली वाहणारी होती. ज्याच्यावर ती होई त्याने मान वर करून पाहू नये, ही तिची अट होती. तेव्हा बिशप दयाळू होते की लोभी, हा प्रश्नच मी निरुपयोगी मानतो. त्यांची दया कोणत्या चौकटीत बसवलेली होती हे विचारले पाहिजे.

ती चौकट ज्या एका प्रकरणात स्वच्छ दिसते ते आता सांगतो. हे प्रकरण ५८९ सालचे, आणि अगदी आमच्या कचेरीतले वाटावे असे आहे. पोआत्ये या नगराची करनोंद जुनी झाली होती. नोंदीतले पुष्कळ करदाते मेले होते आणि त्यांचा बोजा विधवा, पोरकी मुले व दुबळे यांच्यावर पडत होता. तेथील बिशप मारोव्हेउस याने राजा चिल्डेबर्ट याजकडे मागणी केली, की माणसे पाठवून नोंद दुरुस्त करावी. राजाने दोन मोठे अधिकारी पाठवले. त्यांनी चौकशी केली, दुबळ्यांचा बोजा उतरवला आणि ज्यांची ऐपत होती त्यांच्यावर तो बसवला. मग हे अधिकारी टूर्सला आले. तेथे बिशप होता आपला ग्रेगरी. अधिकाऱ्यांनी जुनी करवही पुढे केली. ग्रेगरीने सांगितले, की या नगराला संत मार्टिनच्या धाकाने पूर्वीच्या राजांनी करमाफी दिलेली आहे. राजा क्लोथारने तर नोंदी जाळून टाकल्या होत्या. ही वही कोणी तरी द्वेषाने घरात दडवून ठेवली होती, तिला काही किंमत नाही. वही ज्याच्या घरातून आली त्याचा मुलगा लवकरच तापाने वारला, हेही ग्रेगरी नोंदवून ठेवतो. राजाकडे माणसे गेली, राजाचे पत्र आले आणि टूर्सची करमाफी कायम झाली.

ग्रेगरीने हे प्रकरण आपला विजय म्हणून लिहिले आहे आणि अनेक वाचकांनी ते तसेच वाचले आहे. जुलमी करवसुलीपुढे छातीचा कोट करून उभा राहिलेला बिशप! परंतु दोन्ही नगरे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका बिशपाने वही दुरुस्त करून घेतली, दुसऱ्याने ती रद्द करून घेतली. पोआत्येच्या विधवेला सवलत मिळाली ती चौकशी होऊन, ऐपत पाहून मिळाली. तिच्या डोक्यावरचा भार उचलून ऐपतदाराच्या डोक्यावर ठेवला गेला. टूर्समध्ये माफी मिळाली ती विधवेलाही आणि सेनेटरालाही. ज्याची जमीन मोठी त्याची माफी मोठी, हा हिशेब समजायला पदवी लागत नाही. ग्रेगरीचा युक्तिवाद ‘हा कर अन्यायाचा आहे’ असा नव्हता, ‘संत मार्टिन कोपेल’ असा होता. अन्यायाचा मुद्दा काढला असता तर चौकशी करावी लागली असती. संताच्या कोपाची चौकशी होत नाही.

आणि या माफीचे पुढे काय झाले? एलिगियसच्या जुन्या चरित्रात म्हटले आहे, की सातव्या शतकात राजा डागोबर्टने एलिगियसच्या विनंतीवरून टूर्स नगराचा सरकारी कर त्या चर्चलाच देऊन टाकला. इतका, की नगरातील राजाचा अधिकारी जो काउंट, तोही बिशपाच्या पत्राने नेमला जाऊ लागला. ग्रेगरीला जाऊन पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती. ज्या संताच्या धाकाने कर माफ झाला होता, त्याच संताच्या नावे तो आता वसूल होणार होता! करमाफीची सनद करवसुलीची सनद झाली. टूर्सच्या शेतकऱ्याला या दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. तो आधी कृपेचा धनी होता, नंतर वसुलीची रक्कम झाला. वही मात्र दोन्ही वेळा त्याच घरात राहिली.

येथे वक्त्यांचा पक्ष म्हणेल, “मग आम्ही तरी काय म्हणत होतो? बिशपांनी राज्य गिळलेच की!” याच अर्थाची तक्रार राजा चिल्पेरिक करीत असे. आपला खजिना रिता झाला, संपत्ती चर्चकडे गेली, सत्ता काय ती बिशपांचीच उरली, अशा आशयाचे त्याचे उद्गार ग्रेगरीने दिले आहेत. या तक्रारीवर विसंबून पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. गॉलमधील ‘बिशपराज्य’ ही जर्मन इतिहासकारांची एक आवडती संज्ञाच होऊन बसली. परंतु तक्रार करणारा हा राजा स्वतः काय करीत होता? ५७९ मध्ये त्याने नवे कर लादले. लिमोजच्या लोकांनी उठाव करून करवह्या जाळल्या, तेव्हा त्याने लोकांना यातना दिल्या आणि चिथावणीचा आरोप ठेवून पाद्रीमंडळींनाही खांबांना बांधून छळले. पुढच्याच वर्षी त्याची मुले साथीत आजारी पडली, तेव्हा राणी फ्रेडेगुंडने आपल्या नगरांच्या करवह्या आगीत टाकल्या आणि राजालाही तसे करायला लावले. मुले तरीही वाचली नाहीत. वही जाळणे हे त्या काळचे प्रायश्चित्त होते, मग जाळणारी राणी असो की संताचा भक्त क्लोथार. वही वाचून तीतील अन्याय दूर करावा, हे मात्र पोआत्येच्या त्या एका बिशपाखेरीज या कथेत कोणाला सुचलेले दिसत नाही.

शिवाय, बिशप नेमत कोण होते? ५११ च्या ऑर्लेआँ परिषदेतच बिशपांनी मान्य केले होते, की राजाच्या हुकुमाशिवाय किंवा त्याच्या न्यायाधिकाऱ्याच्या संमतीशिवाय सामान्य गृहस्थाला चर्चच्या सेवेत घ्यायचे नाही. ५४९ मध्ये ठरले, की बिशपपद पैसे देऊन मिळवू नये, धर्मसेवक व लोक यांनी निवड करावी आणि तीस राजाची संमती असावी. ६१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेनंतर राजा दुसरा क्लोथार याने जे फर्मान काढले त्यातही निवड लोकांची आणि हुकूम राजाचा अशीच तडजोड आहे; राजवाड्यातील मनुष्यही लायक असल्यास बिशप होऊ शकेल, अशी पुस्ती तेवढी जोडलेली आहे.

या तडजोडीचा खरा अर्थ ज्याला पाहायचा असेल त्याने मार्कुल्फ नावाच्या वृद्ध मठवासीयाने सातव्या शतकात तयार केलेला मसुद्यांचा संग्रह पाहावा. कोणत्या प्रसंगी कोणता कागद कसा लिहावा, याचे नमुने त्यात आहेत. राजाने बिशप नेमल्याच्या हुकुमाचा नमुना त्यात आहे, आणि अमुक मनुष्य आम्हाला बिशप म्हणून द्यावा अशा नागरिकांच्या विनंतीअर्जाचाही नमुना त्यात आहे! जनतेच्या उत्स्फूर्त इच्छेचा छापील मसुदा दप्तरात तयार असतो, तेव्हा निर्णय आधीच झालेला असतो, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवावे लागत नाही. ‘छापील’ म्हटले ते अर्थात आमच्या सवयीने. मार्कुल्फच्या वेळी ते हातांनी लिहीत.

डागोबर्टच्या दरबारातून निघून बिशप झालेली माणसे पाहा. डेसिडेरियस राजाचा खजिनदार होता, ६३० मध्ये काओरचा बिशप झाला. एलिगियस सोनार होता, नाणी पाडीत असे. ऑडोएन हा राजाची मोहोर सांभाळणारा अधिकारी होता. हे दोघे ६४१ मध्ये अनुक्रमे न्वायोँचा व रूआँचा बिशप झाले. खजिना, टांकसाळ, मोहोर! यांना ‘राज्य गिळणारे पुरोहित’ म्हणणे म्हणजे जिल्ह्यावर बदली होऊन गेलेल्या सचिवाला ‘सरकार उलथणारा बंडखोर’ म्हणण्यासारखे आहे. राजाला नगरात आपला मनुष्य हवा होता, नगरातील घराण्यांना राजवाड्यात आपला मनुष्य हवा होता. बिशपाची खुर्ची हा त्या देवघेवीचा नाका होता.

म्हणूनच राजा उलटला की या मंडळींची एकी कशी विरघळते हेही पाहण्यासारखे आहे. ५७७ मध्ये चिल्पेरिकने रूआँचा बिशप प्रीटेक्स्टेटस याच्यावर पॅरिसला खटला भरला. राजपुत्र मेरोव्हेक आणि त्याच्या चुलत्याची विधवा ब्रुनहिल्ड यांचे लग्न त्याने लावून दिले आणि राजाविरुद्ध लोकांना फितवले, हा आरोप. पंचेचाळीस बिशप जमले होते. ग्रेगरीने उठून सांगितले, की राजाला चूक करण्यापासून परावृत्त करणे हे आपले कर्तव्य आहे. बाकीचे गप्प राहिले. इतकेच नव्हे, त्यांच्यातल्याच दोन खुशमस्कऱ्यांनी हे जाऊन राजाला सांगितले. पुढे काही बिशपांनी आरोपीची समजूत घातली, की कबुली दे, राजा क्षमा करील. त्याने कबुली दिली आणि त्याची रवानगी एका बेटावर झाली. चिल्पेरिकचा ५८४ मध्ये खून झाल्यावर तो परत आला, आणि ५८६ मध्ये आपल्याच चर्चमध्ये उपासनेच्या वेळी मारेकऱ्याच्या हातून पडला. ग्रेगरी त्या दिवशी उभा राहिला म्हणून मी त्याला मनापासून वंदन करतो. पण पंचेचाळिसांतला एक उठतो हे त्या एकाचे मोठेपण आहे. व्यवस्थेचे मूल्यमापन उरलेल्या चव्वेचाळिसांवरून करावे लागते.

आणि राजाचा हात दूर असला म्हणजे काय होई? क्लेर्माँचा बिशप काउटिनुस याची गोष्ट ग्रेगरीनेच सांगितली आहे. अनास्तासियस नावाच्या एका पाद्र्याकडे राणी क्लोथिल्डने दिलेल्या जमिनीची सनद होती. बिशपाने ती मागितली. पाद्री देईना. तेव्हा बिशपाने त्याला तळघरातील दगडी शवपेटीत, एका कुजलेल्या प्रेतावर, जिवंत कोंडले. राखणदार दारू पिऊन झोपले म्हणून तो कसाबसा निसटला, राजा क्लोथारकडे गेला आणि ती सनद पुढे ठेवली. राजाने ती मान्य केली. कागदासाठी जिवंत माणूस पुरला जातो आणि कागदामुळेच तो तरतो, यापेक्षा दप्तराच्या सत्तेचे बोलके चित्र मला ठाऊक नाही. पण ध्यानात घ्या: अनास्तासियसजवळ राणीची सनद होती आणि राजापर्यंत जाण्याची वाट होती. ज्याचे नाव फक्त मात्रिकुलेत होते, त्याने कोणती सनद दाखवायची आणि कोणाला?

पुढील शतकांची कथा याच सूत्राने उलगडते. आठव्या शतकात चार्ल्स मार्टेलने चर्चच्या जमिनी आपल्या लढवय्यांच्या उपयोगाला लावल्या. ७४२ मध्ये बोनिफेसने पोप झॅकारिअसला कळवले, की फ्रँकांच्या देशात ऐंशी वर्षांहून अधिक काळ धर्मपरिषदच भरलेली नाही आणि बिशपांच्या गाद्या लोभी गृहस्थांच्या हाती आहेत. जे राजाच्या हुकुमाने मिळते ते सरदाराच्या हुकुमाने जातेही, हा अनुभव बिशपांना आला. त्यातून ते काय शिकले? ८३३ मध्ये सम्राट लुई याच्या मुलांनी बंड केले आणि लुईची फौज फुटली, तेव्हा रीम्सचा आर्चबिशप एब्बो व इतर बिशप यांनी सुआसाँ येथील सेंट मेदार मठात सम्राटाच्या हाती त्याच्या अपराधांची यादी दिली. त्याने ती वेदीवर ठेवली, कमरेचा शस्त्रपट्टा सोडला, पश्चात्तापाचा वेश चढवला. बिशपांनी प्रत्येकी आपापले निवेदन लिहून स्वाक्षऱ्या केल्या. वक्त्यांच्या मते हा बिशपराज्याचा कळस असायला हवा. पण पुढच्याच वर्षी लुई परत गादीवर आला, आणि ८३५ मध्ये बिशपांच्याच सभेत एब्बोला स्वतःच्या पदत्यागाचा लेख द्यावा लागला. यादी तीच, स्वाक्षरीची रीत तीच. तलवार ज्याच्या बाजूला झुकली त्याच्या बाजूला लेखणी झुकली. हा एब्बो सरकारी जमिनीवरील एका गुलामाचा मुलगा होता. सम्राट पुन्हा वरचढ झाल्यावर त्याच्या पक्षाच्या एका लेखकाने त्याला सर्वांत जास्त शिव्या दिल्या त्या त्याच्या जन्मावरून.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की भुकेल्याला अन्न मिळाले हे पुरे नाही का? वही कोणाच्या घरात आहे ही चौकशी पोट भरलेल्यांची. मी म्हणतो, भुकेल्यालाच ती चौकशी सर्वांत महत्त्वाची असते. त्याचे नाव यादीतून कोण, केव्हा, कशासाठी काढू शकेल, या एका प्रश्नावर त्याची उद्याची भाकरी अवलंबून असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सहाव्या शतकातील माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे नाही का? असते, पण मी आजची फूटपट्टी लावलीच नाही. पोआत्येचा मारोव्हेउस त्याच सालचा, त्याच राजाचा, शेजारच्याच नगराचा बिशप होता. त्याला जे दिसले ते दिसणे अशक्य नव्हते. आणि हेही विसरू नये, की मारोव्हेउसवर ग्रेगरीचा राग होता; तरीही त्याचे हे काम आपल्याला ठाऊक आहे ते ग्रेगरीनेच लिहून ठेवले म्हणून. लेखणी कधी कधी लिहिणाऱ्याच्याही विरुद्ध साक्ष देते, हे तिचे थोर वैशिष्ट्य आहे.

तेव्हा वक्त्यांना माझे सांगणे असे, की सत्ता बिशपाकडून काढून राजाकडे दिल्याने टूर्सच्या शेतकऱ्याच्या ताटात काही वाढले नसते. आणि ज्येष्ठ सभासदांना नम्रपणे सांगणे असे, की दिवा बिशपांनी तेवत ठेवला हे खरे. पण त्या उजेडात वही वाचण्याची परवानगी कोणाला होती, हेही विचारा.

आमच्या कचेरीत २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज येतात. दहा रुपये भरून कोणी एक अपरिचित मनुष्य आमच्या नोंदवहीची नक्कल मागतो. खरे सांगायचे तर असा अर्ज आला की मी वैतागतो. माझे टेबल, माझी फाईल, माझा शेरा, आणि हा कोण विचारणारा? त्या क्षणी माझ्या आत तो जुना क्लेरिकस जागा होतो आणि पुढच्याने घोड्यावरून उतरावे अशी अपेक्षा करू लागतो. मग मला टूर्सची ती करवही आठवते, आणि मी मुकाट्याने उठून नक्कल काढायला घेतो.